तेलाला काटा नसतो

नागपूर-बैतूल महामार्गावरचं सावनेर समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटर उंचीवर, मुलताई साडेसातशेच्या आसपास. सावनेरहून निघून, पांढुर्णा मागे टाकून 40 टनांचा भरलेला ट्रेलर मुलताईला पोचतो, तेव्हा इंजिनाने तेवढं वजन साडेचारशे मीटर वर चढवलेलं असतं. हिशेब मांडला तर नुसत्या या चढाईलाच 14 लिटरच्या आसपास डिझेल जळतं. टायरांचं घर्षण, समोरचा वारा, मधले चढउतार हे वेगळेच. डिझेलमधल्या ऊर्जेतली पस्तीस-चाळीस टक्केच कामाला येते. बाकीची बरीचशी सायलेन्सरमधून बाहेर जाते आणि पाव हिस्सा किंवा थोडी जास्त रेडिएटरच्या वाट्याला येते. त्या 14 लिटरांपुरतीच ही रेडिएटरची उष्णता 400 लिटरहून अधिक थंड पाण्याला उकळी आणील. ती सगळी चार बोटं जाडीच्या जाळीतून हवेत सोडायची असते.

या महामार्गावर ट्रेलर, टिपर आणि ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. गाडी गरम झाली की मालक म्हणतो, "मिस्त्री, रेडिएटर बदलून टाका." बहुतेक वेळा रेडिएटर बदलण्याची गरज नसते.

आधी आपल्या उन्हाळ्याचं बघू. जाळीतली उष्णता हवेत जाते ती दोघांच्या तापमानातल्या फरकाच्या जोरावर. कुलंट 95 अंशांवर आणि हवा 25 वर असेल तर फरक 70 अंशांचा. नवतप्यात दुपारी हवा 45 वर जाते, फरक उरतो 50. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण उष्णता सोडण्याची ताकद जवळपास तीस टक्क्यांनी घटली. तापलेल्या डांबरालगतची हवा तर हवामान खात्याच्या आकड्याहून गरम असते. हिवाळ्यात कुरकुर न करणारी गाडी मे महिन्यात उकळते, ती बिघडली म्हणून नव्हे, तिच्याकडे शिल्लकच काही उरलेलं नसतं म्हणून.

त्यात आमच्या भागाची एक खास अडचण. सिल्लेवाडा, पाटणसावंगीकडे कोळसा आणि दिवाळीनंतर जिनिंगच्या आवारात कापूस. गाडी दोन्हीकडे फिरते. पुढून बॅटरी मारून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते, कारण हल्ली रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर असतो आणि एसी असेल तर त्याचा कंडेन्सरही. मळ बसतो तो मधल्या फटीत. इंटरकूलरचे बोल्ट सोडून तो पुढे ओढला की रुईचे तंतू, कोळशाची भुकटी आणि तेलाचा अंश यांचा दाबून बसलेला काळा थर हाती लागतो. कडेला नखाने उचकटला तर वीतभर तुकडा अखंड निघतो. त्यातून हवा जायची कशी? हवा मारायची ती इंजिनाच्या बाजूने बाहेर, म्हणजे मळ आला त्या वाटेनेच परत जातो. सर्व्हिस स्टेशनचा जोराचा फवारा जवळून मारला तर जाळीची पाती वाकतात आणि होती ती वाटही बंद होते.

पाण्याचंही तसंच. आमच्याकडे गोठण्याची भीती नाही, म्हणून कुलंट कशाला, बोअरचं पाणी चालतं, असं म्हणतात. बोअरच्या पाण्यातला क्षार सिलिंडरभोवतीच्या पोकळीत थर धरतो आणि उष्णता धातूतून पाण्यात उतरूच देत नाही. कुलंट गंज रोखतं आणि उकळीही लांबवतं. रेडिएटरच्या झाकणालाही मान द्यायला हवा. एक बार दाब धरणाऱ्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा 120 अंशांपर्यंत उकळत नाही. रबर चिरलेलं असेल तर ते 100 वरच उकळतं. झाकण मोजक्या रुपयांचं, आणि उडालेलं हेड गॅस्केट केवढ्याला पडतं ते मालकाला माहीत असतं.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय मात्र मला मुळीच मान्य नाही. कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच शिरतं. थंडावा मिळावा म्हणून केलेली ही गोष्ट चढावर उलटते.

पण सगळ्यात मोठा फरक पडतो तो ड्रायव्हरच्या हातापायाने. डिझेल वाचवायचं म्हणून वरच्या गिअरवर चढ ओढणारे पुष्कळ. इंजिन कमी फेऱ्यांवर कुंथत राहतं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) व पंखा दोन्ही इंजिनाबरोबर संथ. गिअर खाली घ्या आणि वेगही उतरवा. वेग चौथाईने घटला की चढावर दर मिनिटाला लागणारी ताकद साधारण तेवढीच घटते, म्हणजे उष्णताही कमी तयार होते. वर फेऱ्या वाढल्याने पंखा आणि पाणी दोन्ही जोरात. तापमानाचा काटा तिथल्या तिथे उतरताना मी पाहिला आहे.

आणि काटा चढलाच तर सावली बघून गाडी थांबवा, इंजिन लगेच बंद करू नका, हळू चालू ठेवा. झाकणाला हात नको आणि तापलेल्या हेडवर बादलीभर पाणी तर नकोच नको, हेडला तडा जातो.

एवढं पाण्याचं झालं. पाण्याला निदान काटा आहे. क्लच आणि गिअरबॉक्सला साध्या गाडीत काहीच नाही, आणि खरं नुकसान तिथे मुकाट्याने होतं.

खाप्याकडून ओल्या रेतीची ट्रॉली काढताना ट्रॅक्टर तिसऱ्यात टाकून हाफ क्लचवर सोडतात. सपाटीवर, क्लच पूर्ण जुळेपर्यंत गाडीला जेवढी गतिऊर्जा मिळते, जवळपास तेवढीच उष्णता क्लचमध्ये जिरते. ज्या वेगावर क्लच जुळतो तो वेग दुप्पट असेल तर उष्णता चौपट होते. पहिल्या गिअरमध्ये सुटणं आणि तिसऱ्यात सुटणं यात हा फरक आहे, आणि चढावर तो आणखी वाढतो. असा क्लच उघडला की फ्लायव्हीलवर निळे डाग असतात, डागांच्या मधून केसासारख्या चिरा गेलेल्या. प्लेट नवी टाकली तरी त्या चिरांवर ती फार टिकत नाही.

गुमगावच्या मँगनीजचं वजन तर डोळ्यांना फसवतं. हौदा अर्धाही दिसत नाही आणि वजनकाट्यावर गाडी पूर्ण भरलेली. 2018 च्या जुलैत केंद्राने चार टायरांच्या एका ॲक्सलची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेली. कायद्याने वजन वाढलं, पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांचा रेडिएटर, क्लच आणि गिअरबॉक्स होते तेच राहिले.

गिअरबॉक्समध्ये ताकदीचे दोन-तीन टक्केच जिरतात, म्हणून त्याकडे कुणी बघत नाही. पण 250 अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात असेल तर हे चार-पाच किलोवॅट होतात, म्हणजे त्या लोखंडी पेटीत दोन गीझर चालू आणि पंखा एकही नाही. तेल जेवढं तापतं तेवढं लवकर मरतं, साधारण दर दहा अंशांना आयुष्य अर्धं. तेल कमी असेल तर तापतंच, पण जास्त भरलं तरी घुसळून तापतं, हे लोकांना पटत नाही. वरचा ब्रीदर धुळीने बुजला की आतला दाब तेलसील ढकलतो आणि गळती सुरू होते. मग सील बदलतात, ब्रीदर तसाच.

खुल्या खाणींतल्या मोठ्या डंपरांत टॉर्क कन्व्हर्टरच्या तेलाचा काटा ड्रायव्हरसमोर असतो. ट्रेलरलाही तो असायला हवा, असं माझं ठाम मत आहे. तोवर इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, चढ संपला की गिअरबॉक्सच्या बॉडीवर धरा. 100 च्या आत असेल तर निर्धास्त जा. 120 दिसलं तर थांबा, आणि घरी आल्यावर तेल काढून त्यात धातूची चकाकी आहे का ते उजेडात पाहा.

आता एसीबद्दल. 2025 मध्ये नव्या मध्यम आणि जड मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असल्यामुळे तापलेली हवा आत जाते, म्हणून चढावर एसी बंद ठेवा असा सल्ला मालक ड्रायव्हरला देऊ लागले आहेत. काटा लाल रेषेला टेकलाच तर दहा मिनिटं बंद ठेवायला हरकत नाही. पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता भरून निघायचं, ठरल्या वेळेला पोचायचं आणि वर एसीही बंद, हे मी मालकांना तोंडावर नाकारतो. उन्हाळ्यात गाडी संध्याकाळी सहानंतर सोडा. हवा दहा अंशांनी उतरली की फरक 50 चा 60 होतो, म्हणजे रेडिएटरची ताकद पाचव्या हिश्श्याने वाढते, आणि एसी चालू ठेवूनही गाडी मुलताईचा चढ चढते.