डोंगराच्या सावलीतला सातारा

सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या उत्तर पायथ्याशी वसले आहे. डोंगर दक्षिणेला आणि हिवाळ्यातला सूर्यही दक्षिणेकडेच कललेला. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत डोंगरालगतच्या घरांत ऊन उशिरा पोहोचते. वृद्धांच्या दृष्टीने मला ही गोष्ट पावसाहूनही महत्त्वाची वाटते. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. अशा वेळी पहाटेच्या अंधारात चार भिंतीचा चढ चढण्याचा हट्ट हृदयरोग्याला महागात पडू शकतो. वर्षानुवर्षांचा नेम मोडायला ज्येष्ठ मंडळी सहसा तयार नसतात. नेम मोडू नये, वेळ बदलावी. अंगणात ऊन आल्यावर, कानटोपी घालून, सपाट रस्त्याने फिरावे. छातीत दडपल्यासारखे झाले, तर तिथेच थांबून कुणाला तरी हाक मारावी आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे.

पावसाचे मान या जिल्ह्यात फार विषम आहे. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६००० मिलिमीटर, साताऱ्यात हजाराच्या आसपास, तर पूर्वेला माणदेशात त्याच्या निम्म्यानेच. तरीही जुलैतली ओल भिंतींत मुरते, बुरशी धरते आणि दमेकऱ्यांचा खोकला बळावतो. घरच्यांनी मृगापूर्वीच गळती बंद करून घ्यावी, निसरड्या पायऱ्यांना कठडा बसवावा, इनहेलर संपत आलेला नाही ना, हे पाहावे.

उन्हाळ्याच्या रात्री इथे सुसह्य असतात, म्हणून दुपारच्या उन्हाला कुणी फारसे मोजत नाही. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना मात्र याच दिवसांत भोवळ येऊ शकते. गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना दाखवावे.