धंद्याची पहिली वही

बेळगावात बँकेत हयात गेली. पोरं विचारतात, "काका, बिझनेस शिकायला कोणता कोर्स करू?" मी म्हणतो, आधी वही घाल.

गल्लीतल्या दहावीच्या पोरानं दिवाळीत २० आकाशकंदील केले. एकाला खर्च ६० रुपये, विकला ७५ ला. ३०० नफा म्हणून खूश! वही मांडली, तर चार कंदील उधार. हातात १२००, खर्चही तेवढाच. नफा सगळा उधारीत, मजुरी तर धरलेलीच नाही.

चांगली चालती दुकानं अशीच उधारीपायी बसलेली मी काउंटरमागून बघितलीत.

लहान सुरुवातीची लाज नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली इथंच सायकलचं दुकान घातलं होतं.

पोरगा पैसे मागायला लाजत होता. धाडलं. तीन घरचे मिळाले. चौथं घर आता त्याला कायमचं लक्षात राहील.