गज्जूची आंघोळ



आमच्या धाकटीकडे एक कापडी हत्ती आहे, गज्जू. ती सहा महिन्यांची असताना सासूबाईंनी आणलेला. "अजितनाथ भगवंतांचं लांछन आहे, असू दे घरात," म्हणाल्या होत्या. आता ती चार वर्षांची. गज्जू तिच्याशेजारी जेवायला बसतो, मामाच्या गावाला जातो, आणि त्याची सोंड चोखून चोखून पार दोरीसारखी झाली आहे.

मागच्या श्रावणात माझ्याकडून एक चूक झाली. गज्जूवर दूध सांडलं. धाकटी झोपल्यावर, रात्री दहा वाजता, मी त्याला चादरींबरोबर मशीनमध्ये टाकलं. पाणी न गाळता, रात्रीच्या वेळी, आणि तिला न सांगता. सकाळी ती शोधत आली तर गज्जू दोरीवर कानांना चिमटे लावून लोंबकळतोय! जी काही रडली, विचारू नका. संध्याकाळी वरून हात लावला, कोरडा वाटला, म्हणून देऊन टाकला.

आठ-दहा दिवसांत त्याला कुबट वास यायला लागला. धाकटीला रोज सकाळी शिंका. पोटाची शिवण उसवून पाहिली तर आतला कापूस ओलसर, आणि त्यावर काळे ठिपके. बुरशी.

खरं सांगते, लाज वाटली. बुरशीत अनंत जीव म्हणून आपण लोणच्याच्या बरणीला ओला चमचा लावत नाही, आणि इथे माझ्या आळसाने ती लेकीच्या कुशीत वाढत होती.

शिंकांसाठी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, मऊ खेळण्यांत, गादीत, उशीत धुळीतले अगदी बारीक किडे असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. 60 अंश गरम पाण्यात धुवा, नाहीतर पिशवीत बांधून एक दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे मरतील.

घरी येऊन फ्रीझरचं दार उघडलं आणि तशीच उभी राहिले. हात पुढे होईना. कपडे धुताना, केर काढताना जी हिंसा होते ती आरंभी, संसारात ती पूर्ण टळत नाही. पण जीव मरावेत याच हेतूने एखादी गोष्ट करणं म्हणजे संकल्पी हिंसा नव्हे का? आणि दुसरीकडे लेकीचं लाल झालेलं नाक.

सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मारायचं नाही, हे खरं. पण अगं, होऊही द्यायचं नाही. ते आधी बघायचं होतंस."

मग डॉक्टरांना मोकळेपणाने अडचण सांगितली. त्यांनी समजावलं की त्रास मुख्यतः त्या किड्यांच्या विष्ठेने होतो, आणि ती साध्या पाण्यानेही बरीचशी निघून जाते. कोरड्या जागी हे किडे वाढत नाहीत. तिला दमा नाही, म्हणून काही दिवस असं करून बघा, म्हणाले. (ज्यांच्या मुलांना दमा आहे त्यांनी मात्र डॉक्टर सांगतील तसंच करावं. मूल हाही जीवच.)

बुरशी लागलेला कापूस काढून टाकला, कापड धुऊन दोन दिवस वाळवलं, नवा कापूस भरला. तेव्हापासून आमची पद्धत अशी:

धुवायचं ते सकाळी, कडक ऊन असताना. पावसाळ्यात पूर्ण धुवायचं नाही, डाग तेवढा ओल्या फडक्याने पुसायचा.

आधी शिवणी आणि डोळे ओढून बघायचे. सैल डोळा लहान मूल गिळू शकतं, म्हणून आधी टाका घालायचा. पांढरं ओलं फडकं घासून रंग जातो का ते पाहायचं. आत आवाजाची डबी किंवा सेल असतील तर पाण्यात बुडवायचं नाही.

बाहेर नेऊन मऊ ब्रशने हळू झटकायचं. मुंगी-बिंगी असली तर तिला वाट द्यायची.

दुहेरी फडक्याने गाळलेलं पाणी टबात घ्यायचं. गाळल्यापासून 48 मिनिटांत काम उरकायचं. पाणी कोमट, साबण सौम्य आणि थोडाच. दाबून दाबून धुवायचं, चोळायचं नाही. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळायचं, कारण ही सोंड पुन्हा तोंडात जाणार असते.

पिळायचं नाही. टॉवेलात गुंडाळून दाबायचं, मग जाळीवर आडवं ठेवून उलटत-पालटत वाळवायचं. धुण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून ठेवायचं. आमचा गज्जू 180 ग्रॅमचा. पुन्हा 180 भरला की मगच आतून वाळला असं समजायचं. बहुतेक वेळा दोन दिवस लागतात.

आणि सगळ्यात आधी, ज्याचं खेळणं आहे त्याला सांगायचं.

चातुर्मासाच्या आधी, शेवटच्या कडक उन्हात आम्ही गज्जूला धुतलं. धाकटीने स्वतः टबात सोडला, "डोळे मीट हं," म्हणाली. दोन्ही रात्री तो नव्हता म्हणून सासूबाईंजवळ झोपली, थोडी कुरकुरली, पण रडली नाही. तिसऱ्या दिवशी काट्यावर ठेवला तर 185. "अजून पाच," मी म्हटलं. ती पाट घेऊन उन्हात त्याच्याशेजारी जाऊन बसली.

शिंका अगदी बंद नाहीत, पण खूप कमी आहेत. गादीची खोळ आणि उशांचे अभ्रेही आता दर आठवड्याला निघतात.

तुमच्या घरी असा कुणी गज्जू असेल तर एकदा पोट दाबून वास घेऊन बघा.

जय जिनेंद्र.