कळसाडीचा फाल्गुन

२०२२ च्या मार्चांत मी नंदुरबार जिल्ह्यांतील कळसाडी गांवीं एका स्नेह्यांकडे राहिलों होतों. उत्तरेच्या ओसरींत, छातीइतक्या उंचीवर तापमापक टांगून सकाळीं व तिसऱ्या प्रहरीं नोंद करण्याचा नेम मीं धरिला. पारा दिवसेंदिवस चढत होता. सातपुडा धुरकट दिसे. यजमान मात्र उशिरां पेरलेल्या गव्हाची ओंबी चोळून म्हणत, "गुरुजी, दाणा चिमतो आहे." दाणा भरतेवेळीं उष्मा वाढला म्हणजे पीक लवकर पिकतें व दाणा हलका उतरतो. कमाल तापमानाच्या सरासरीनें तो मार्च १९०१ पासूनच्या नोंदींत भारतांतील सर्वांत उष्ण ठरला, हें पुढें कळलें. यजमानांचीं पोतीं त्या वर्षीं कमी भरलीं. माझ्या वहींत केवळ अंशच होते. त्यांच्या सांगण्यावरून मीं तींत ओंबीचा एक रकाना घातला. तो अद्यापि चालू आहे.