उशिरा उघडलेले डोळे

पन्नाशी उलटलेल्या माणसाची मते बदलत नसतात, असे मी आजवर मोठ्या समाधानाने म्हणत आलो. मनाच्या आळसाला परिपक्वता म्हणण्याची त्यात चांगलीच सोय होती. अमेरिकेतील न्यायाधीश जे. वेटीज वेअरिंग यांच्या चरित्राने ती सोय हिरावून घेतली.

१८८० साली दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन शहरी, एका जुन्या गोऱ्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. साठी उलटल्यावर, १९४२ साली, ते तेथील संघीय जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश झाले. वर्णभेदाच्या रूढीशी तोवर त्यांनी उघड भांडण असे कधी मांडले नव्हते.

१९४६ साली आयझॅक वुडर्ड हा कृष्णवर्णी सैनिक युद्धसेवा संपवून घरी परतत असता एका पोलीस अधिकाऱ्याने त्याला असे मारले की, त्याचे दोन्ही डोळे गेले. खटला वेअरिंग यांच्यापुढे चालला. ज्यूरीतील सारे गोरे. त्यांनी अर्ध्या तासात अधिकाऱ्याला निर्दोष ठरविले. अशा निर्णयापुढे न्यायाधीशाचा इलाज नसतो. परंतु वेअरिंग यांचे मन स्वस्थ राहिले नाही. पत्नीसह ते वर्णप्रश्नावरील ग्रंथ वाचू लागले.

पुढच्याच वर्षी त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत कृष्णवर्णीयांना मतदान खुले केले. १९५१ साली तिघांच्या न्यायपीठात दोघांनी विभक्त शाळा कायदेशीर ठरविल्या. वेअरिंग यांनी एकट्याने लिहिले की, विभक्तपणा हीच विषमता होय. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तेच तत्त्व स्वीकारले.

याची किंमत त्यांच्या गावाने वसूल केली. घटस्फोटामुळे आधीच रुसलेल्या ओळखीच्या घरांची दारे आता पुरती मिटली. घरावर दगड आले. १९५२ साली निवृत्त होऊन ते न्यूयॉर्कला गेले, आणि १९६८ साली त्यांचे दफन चार्ल्सटनला झाले. २०१५ साली तेथील न्यायालयाच्या इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले.

काही वर्षांपूर्वी एका समितीत एका विद्यार्थ्यावर अन्याय होताना मला स्पष्ट दिसत होता. तरीही बहुमताबरोबर मी हात वर केला, आणि या वयात वैर कशाला, अशी स्वतःची समजूत घातली. वेअरिंग यांनी ते एकाकी मत लिहिले तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. मी त्या दिवशी बावन्न वर्षांचा होतो.