तरंगत्या वर्गात रुळताना

माझी भाची या सत्रात ‘सेमिस्टर ॲट सी’च्या जहाजावर शिकत आहे. १९६३ साली सुरू झालेला हा उपक्रम विद्यार्थ्यांना सुमारे शंभर दिवसांत अनेक देशांत नेतो. जहाज समुद्रात असते तेव्हा तास भरतात; बंदर आले की तास थांबतात आणि शहर शिकवू लागते.

पहिल्या आठवड्यात तिला बोट लागली. केबिन लहान, सोबतीण अनोळखी. तरीही तिने कळवले, “मामा, इथे सगळेच नवे आहेत.”

हे वाक्य मला मोलाचे वाटले. आपण आजवर ज्या वर्गांत, ज्या कार्यालयांत शिरलो, तेथे कोणीतरी आधीच ऐसपैस बसलेले असे. जागा आपल्याला मागावी लागे. जहाजावर मात्र सर्वांचा पहिला दिवस एकच.

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले. तेथील वसतिगृहात त्यांना नवल भथेना हे पारशी मित्र लाभले. ती मैत्री आयुष्यभर टिकली. परक्या मुलुखात विद्यार्थी रुळतो तो अशा माणसांमुळे. जिथे किनाराच मागे पडत राहतो, तिथे तर दुसरा आधारच नाही.

भाचीला मी एवढेच लिहिले : सोबतिणीचे नाव आधी नीट उच्चारायला शिक, मग तुझे तिला शिकव.