चुलीवरच्या पिंपाला कॉईलची जोड

खोडव्यात गवताळ वाढीची बेटं दिसली, म्हणून यंदा उसाचं बेणं गरम पाण्यातून काढायचं ठरवलं. ५० अंश, २ तास. ऐकायला सोपं.

चुलीवर लोखंडी पिंप, त्यात १०० लिटर पाणी. जाळ कमी केला की ४६, एक ढलपी सरकवली की ५६. पहिल्या खेपेचे डोळेच उकडले, निम्मेही फुटले नाहीत.

मग २ किलोवॅटची कॉईल आणि थर्मोस्टॅट जोडला. १०० लिटर २५ वरून ५० अंशांवर न्यायला जवळपास ३ युनिट, म्हणजे नुसत्या कॉईलवर दीड तास. म्हणून ४५ पर्यंत चूल, मग विस्तव ओढून काढायचा आणि पुढचं काम कॉईलचं. टिपरी टाकली की पाणी उतरतं. परत ५० झालं की मगच २ तास मोजायचे.

पहिल्याच दिवशी दादांनी पाणी बघायला बोट घातलं आणि झटका बसला. "काय नाय रे, मुंग्या आल्या," म्हणाले. माझे मात्र हातपाय गळाले. अर्थिंग मीच "नंतर करू" म्हणून सोडलं होतं.

आता पिंपाला अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, १६ अँपिअरचा प्लग. ढवळायचं, टिपरी टाकायची-काढायची ती प्लग उपसूनच.

दुसऱ्या खेपेचं बेणं परवा लावलंय. उगवण मोजून कळवतो. तुमच्या गोठ्यात, न्हाणीत कॉईल असेल तर आजच अर्थिंग बघा.